आरक्षणाचा फॉर्म : खिडकीपासून स्क्रिप्टपर्यंत

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. चतुर्थीच्या दोन दिवस आधी, म्हणजे २५ तारखेला मुंबईहून निघायचे, तर रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी, २६ जूनला सकाळी आठ वाजता उघडणार होते. हा हिशेब रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरांत तोंडपाठ असतो. आठ वाजले की काही मिनिटांतच कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्यांसमोर प्रतीक्षायादीचे आकडे चढू लागतात आणि थोड्याच वेळात प्रतीक्षायादीही बंद होते. मग दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. तिकिटे गेली कुठे? दलालांनी नेली. कशी नेली? ‘सॉफ्टवेअर’ने. या ‘सॉफ्टवेअर’ शब्दापाशी चर्चा थांबते, कारण पुढे नेमके काय घडते हे बहुतेकांना ठाऊक नसते.

ते ठाऊक करून घेण्यासाठी मी गेली काही वर्षे या विषयाचे कागद जमवतो आहे. त्यातून माझ्या लक्षात आले ते असे, की हा इतिहास संगणकाचा जितका आहे त्याहून अधिक तो फॉर्मचा आहे. ठरावीक रकाने असलेला, ठरावीक क्रमाने भरायचा आणि पलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाने न विचारता समजून घ्यायचा कागद, असा फॉर्मचा अर्थ घेतला, तर कोकण आणि मुंबई यांचे नाते गेली दीडशे वर्षे फॉर्मवरच चालत आलेले दिसते. हा फॉर्म माणसाच्या हातातून निसटून स्क्रिप्टच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या हातात कसा गेला, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पैसा, निरोप आणि माणूस

भारतीय टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली ती १८८० साली. त्यानंतरच्या काळात मुंबईच्या गिरण्या, गोदी, घरगडीपण आणि पुढे सरकारी कचेऱ्या यांतून मिळवलेला पैसा याच फॉर्मवरून रत्नागिरी जिल्ह्यात उतरत राहिला. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. ‘मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा’ हे वर्णन आपल्याला चिकटले ते त्यामुळे. त्या फॉर्मची रचना पाहण्यासारखी होती. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, घेणाऱ्याचे नाव-पत्ता, पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि खाली निरोपासाठी अगदी थोडी जागा. गिरणीतल्या माणसाला लिहिता येत नसेल तर दुसरा कोणी लिहून देई. गावी वाचता येत नसेल तर पोस्टमन वाचून दाखवी. दोन्ही टोकांना निरक्षर माणसे असूनही व्यवहार बिनचूक होई, कारण कोणत्या रकान्यात काय आहे हे आधीच ठरलेले होते.

तारेच्या फॉर्मने याच्या पुढचे पाऊल टाकले होते. शुभेच्छांच्या ठरलेल्या मजकुरांना क्रमांक होते. एक हा क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा, आठ हा लग्नाच्या. पाठवणारा फक्त आकडा लिही, तारेतून आकडाच जाई आणि पलीकडच्या कचेरीत त्याचा पूर्ण मजकूर होई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. पण माहितीचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला ठरलेले नाव किंवा क्रमांक द्यायचा आणि तेवढेच पाठवायचे, ही कल्पना वेबच्या किती तरी आधी आपल्या टपालकचेरीत नांदत होती हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माणसांची ने-आण मात्र पुष्कळ काळ फॉर्मविना चालली. किनाऱ्यावरच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. १९४८ साली एसटी सुरू झाली आणि पुढे घाटवाटांनी गावागावांत पोचली. गणपतीच्या एसटीला एक वेगळी पद्धत लाभली आणि ती अजून टिकून आहे : गट आरक्षण. वाडीतला एक जाणता माणूस मुंबईतल्या चाळीस-पन्नास चाकरमान्यांची यादी करतो, अख्खी गाडी ठरवतो आणि ती गाडी थेट गावात जाते. अलीकडच्या वर्षांत महामंडळ गणपतीसाठी पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडते, त्यांतल्या पुष्कळ अशाच. या पद्धतीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि चाकरमान्याच्या हातात एक नवा फॉर्म आला : आरक्षण मागणी पत्र.

खिडकीवरचा कागद

रेल्वेचे ते मागणी पत्र ज्यांनी भरले आहे त्यांना त्याचे रकाने आठवतील. गाडीचा क्रमांक आणि नाव, प्रवासाची तारीख, वर्ग, कुठून, कुठे. मग तक्ता : नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पंधरा अक्षरांच्या आत, पुरुष की स्त्री, वय, खालची जागा की वरची. आपण डॉक्टर असाल तर तसे नमूद करा, अशी एक ओळ. शेवटी अर्जदाराचे नाव, पत्ता, सही. आणि तळाशी बारीक अक्षरांत सूचना : एका पत्रावर जास्तीत जास्त सहा प्रवासी, एका व्यक्तीने एका वेळी एकच पत्र द्यावे, अपूर्ण किंवा न वाचता येणारे पत्र स्वीकारले जाणार नाही.

या तळाच्या सूचना मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. आरक्षणाचा सगळा न्याय त्यांत भरलेला आहे. जागा थोड्या, मागणारे पुष्कळ, तेव्हा प्रत्येकाला एका वेळी एक कागद आणि एका कागदावर सहा नावे. पुन्हा हवे असेल तर पुन्हा रांगेच्या शेवटी जा. हा नियम पाळला जातो की नाही हे पाहायला निराळी यंत्रणा लागत नसे. माणसाला एकच शरीर असते आणि ते एका वेळी एकाच खिडकीसमोर उभे राहू शकते. नियमाचा खरा पहारेकरी हे शरीर होते.

दलाल तेव्हाही होते. रात्रीपासून रांगेत माणसे बसवायची, प्रत्येकाच्या हाती एक भरलेले पत्र द्यायचे, हा धंदा जुनाच. पण त्याला मर्यादा होती. दहा तिकिटांसाठी दहा माणसे आणून बसवावी लागत, त्यांना मजुरी द्यावी लागे आणि रांगेतले इतर लोक ते डोळ्यांनी पाहत.

खिडकीच्या आत बदल आधीच सुरू झाले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. १९८६ साली रेल्वेची स्वतःची माहिती-संस्था ‘क्रिस’ स्थापन झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच मोठी केंद्रे एकमेकांना जोडली गेली. पण संगणक कारकुनाच्या बाजूला होता. खिडकीच्या अलीकडे कागद, पलीकडे कळफलक आणि मध्ये माणूस. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने संकेतस्थळावरून आरक्षण सुरू केले तेव्हा मधला माणूस गेला आणि कागदाची जागा वेब फॉर्मने घेतली. प्रारंभी तिकीट कुरियरने घरी येई. २००५ पासून ते आपणच छापून घेऊ लागलो. आज आरक्षित तिकिटांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तिकिटे अशी काढली जातात.

पडद्यामागचे पत्र

वेब फॉर्म म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चौकटी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या चौकटी ही केवळ लिहिण्याची सोय आहे. आपण ‘पाठवा’ हे बटण दाबतो तेव्हा ब्राउझर त्या चौकटींतला मजकूर उचलून एक पत्र तयार करतो आणि ते सर्व्हरकडे, म्हणजे पलीकडच्या संगणकाकडे, धाडतो. पत्राची भाषा अगदी साधी आहे : रकान्याचे नाव, बरोबरचे चिन्ह, त्यातला मजकूर, मग जोडचिन्ह, मग पुढचा रकाना. उदाहरणार्थ, ‘नाव=सखाराम&वय=६२&वर्ग=स्लीपर’. तारेच्या फॉर्मवरच्या आकड्यांचेच हे नवे रूप. १९९३ च्या सुमारास मोझॅक या ब्राउझरमध्ये असे फॉर्म भरता येऊ लागले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० या मानकात त्यांचे नियम रीतसर लिहिले गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले होते.

पत्र पाठवण्याच्या दोन रीती आहेत. ‘गेट’ या रीतीत मजकूर पत्त्यालाच जोडला जातो, पोस्टकार्डासारखा. पत्ता वाचणाऱ्याला मजकूरही दिसतो. ‘पोस्ट’ या रीतीत तो पत्त्यापासून वेगळा, आत ठेवला जातो. काही शोधायचे असेल तर पहिली रीत वापरतात, काही नोंदवायचे किंवा बदलायचे असेल तर दुसरी. आरक्षण दुसऱ्या रीतीने होते.

या पत्राच्या भाषेची एक गंमत आपल्या गावाच्या नावावरून कळते. पत्रातली अक्षरे मुळात इंग्रजीसाठी ठरलेली. त्याबाहेरचे कोणतेही अक्षर पाठवायचे तर त्याचे बाइट करून प्रत्येक बाइटामागे टक्क्याचे चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरे लिहावी लागतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पत्रात नऊ खुणा. ‘रत्नागिरी’ या शब्दात र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी अशी नऊ चिन्हे आहेत; पत्रात त्यांच्या एक्याऐंशी खुणा होतात. तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर नऊ अक्षरांत काम भागते. रेल्वेने तर स्थानकाला ‘आरएन’ हे दोन अक्षरी चिन्ह देऊन टाकले आहे. मागणी पत्रावर नाव इंग्रजी अक्षरांत का मागत आणि पंधरा अक्षरांची मर्यादा का घालत, याचे मूळ अशाच काटकसरीत असावे असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. पत्र ब्राउझरनेच लिहिले पाहिजे असे कुठेही नाही. पलीकडच्या सर्व्हरला आपली बोटे दिसत नाहीत, पडदा दिसत नाही, त्याला फक्त पत्र दिसते. मग तेच पत्र एखाद्या छोट्या प्रोग्रामने लिहून पाठवले तर सर्व्हर ते तितक्याच आदराने स्वीकारतो. स्क्रिप्टचा सारा खेळ एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

स्क्रिप्ट कशी काम करते

स्क्रिप्ट हा शब्द आता चोरीशी जोडला गेला असला तरी तिचा जन्म सभ्य घरातला आहे. स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्ग यांना गप्पांच्या एका जाळ्यावर चलनांचे दर आपोआप पुरवायचे होते. त्यासाठी १९९६ च्या अखेरीस त्यांनी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचे ‘एचटीटीपीगेट’ हे छोटे साधन हाती घेतले. वाढत वाढत मार्च १९९८ मध्ये त्याचे ‘कर्ल’ झाले. आज जगातल्या कोट्यवधी यंत्रांमध्ये कर्ल आहे. वेब फॉर्मचे पत्र एका ओळीच्या आज्ञेने पाठवता येते ते अशा साधनांमुळेच. बँका, रुग्णालये, सरकारी खाती यांचे संगणक एकमेकांशी दिवसभर असाच पत्रव्यवहार करत असतात.

संशोधकालाही हे साधन उपयोगी पडते. मी संगणक शिकलो तो पुस्तके वाचून आणि पुतण्याला विचारून. एका जुन्या अभिलेखसंग्रहाच्या शोध-फॉर्ममध्ये मला कोकणातल्या बंदरांची नावे, प्रत्येक वर्षासाठी एकदा, अशी विचारायची होती. हाताने ते काम आठवडे खाणार होते. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि प्रत्येक प्रश्नानंतर तिला दहा सेकंद थांबायला सांगितले, म्हणजे दुसऱ्या कोणाची वाट अडू नये. हा संकेत जुना आहे. १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी संकेतस्थळांवर आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांसाठी एक शिष्टाचार सुचवला : स्थळाच्या दारावर एक फाइल ठेवावी, तीत कुठे यावे आणि कुठे येऊ नये ते लिहावे, येणाऱ्याने ते वाचून वागावे. दाराला कुलूप नाही, पाटी आहे. सभ्य स्क्रिप्ट पाटी वाचते.

आरक्षणासारख्या कामात एका पत्राने भागत नाही. आधी पान मागवावे लागते. त्या पानाबरोबर सर्व्हर एक ओळखचिठ्ठी देतो, तिला ‘कुकी’ म्हणतात. पानात काही लपवलेले रकानेही असतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण पत्राबरोबर जसेच्या तसे परत जावे लागतात. रुग्णालयात केसपेपर काढल्यावर त्याचा क्रमांक पुढच्या प्रत्येक खिडकीवर दाखवावा लागतो, तसे हे. स्क्रिप्ट आधी पान मागते, चिठ्ठी जपते, लपलेले रकाने उचलते, त्यांत आधीच तयार ठेवलेली सहा प्रवाशांची नावे घालते आणि पत्र धाडते. चाकरमानी पहिल्या प्रवाशाचे वय टंकत असतो तोवर तिचे काम संपलेले असते. आणि तिला शरीर नसल्यामुळे ती एकाच क्षणी शंभर नावांनी शंभर खिडक्यांसमोर उभी राहू शकते. ‘एका व्यक्तीने एका वेळी एकच पत्र’ या नियमाचा पहारेकरी इथे नाहीसा झाला.

माणूस असल्याचा पुरावा

ही अडचण पहिल्यांदा रेल्वेला आली नाही. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने ‘आपल्या संकेतस्थळाचा पत्ता इथे नोंदवा’ असा फॉर्म ठेवला होता. स्क्रिप्टांनी त्यात हजारो पत्ते ओतून शोधाचे निकाल बिघडवले. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय काढला : वेडीवाकडी अक्षरे चित्रात दाखवायची आणि ती वाचून लिहायला सांगायची. माणसाला ती वाचता येत, त्या वेळच्या यंत्राला येत नसत. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि सहकाऱ्यांनी या परीक्षेला ‘कॅप्चा’ हे नाव दिले. थोडक्यात, कॅप्चाचा जन्मच फॉर्मवर स्क्रिप्टने केलेल्या हल्ल्यातून झाला.

आयआरसीटीसीनेही कॅप्चा बसवला. एप्रिल २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली आणि मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. पण वेग वाढला म्हणजे न्याय वाढला असे नाही; अधिक रुंद दारातून शर्यतीचा घोडाही अधिक जोरात शिरतो. तेव्हा नियम आले. एका खात्यावरून महिन्याला सहा तिकिटे, आधार जोडले असेल तर बारा. जून २०२२ पासून हे आकडे बारा आणि चोवीस झाले. सकाळी आठ ते दहा या वेळात एका खात्याला दोनच तिकिटे.

या नियमांतला एक मला फार बोलका वाटतो. प्रवाशांची माहिती भरण्याच्या पानावर किमान पंचवीस सेकंद, कॅप्चासाठी किमान पाच सेकंद आणि पैसे भरण्यासाठी किमान दहा सेकंद लागलेच पाहिजेत, असे बंधन घालण्यात आले. त्याहून लवकर आलेले पत्र यंत्राचे समजायचे. ज्या यंत्रणेवर वेगासाठी कोट्यवधी रुपये खर्च झाले तिलाच अखेर मंदपणा हा माणुसकीचा पुरावा मानावा लागला. अर्थात स्क्रिप्टला पंचवीस सेकंद थांबायला शिकवणे हे एका ओळीचे काम आहे. ती बरोबर सव्विसाव्या सेकंदाला पत्र धाडते, आणि चाकरमान्याला अजून चौथ्या प्रवाशाचे नाव लिहायचे असते.

निओ ते रियल मँगो

अशा स्क्रिप्टांचा बाजार किती संघटित होता हे दोन-तीन प्रकरणांतून उघड झाले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘निओ’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात एका साहाय्यक प्रोग्रामरला अटक केली. तो त्या विभागाचाच नोकर होता आणि २००७ ते २०११ या काळात आयआरसीटीसीत काम केलेला होता. त्याने तयार केलेले सॉफ्टवेअर दलालांना पैसे घेऊन दिले जाई आणि मोबदला बिटकॉइन व हवालामार्गे येई, असा आरोप होता.

सप्टेंबर २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने जाहीर केलेले प्रकरण तर रत्नागिरीकराला नावामुळेच खटकावे. त्या सॉफ्टवेअरचे नाव आधी ‘रेअर मँगो’ होते, नंतर ‘रियल मँगो’ झाले. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर खऱ्या आंब्याची ओळख पटवण्यासाठी आपण एवढी धडपड केली, आणि ‘खरा आंबा’ हे नाव घेऊन कोणी आपलीच तिकिटे पळवावीत! सुरक्षा दलाने या सॉफ्टवेअरचे जे वर्णन केले ते वर सांगितलेल्या गोष्टींना धरूनच आहे. ते कॅप्चा ओलांडत असे. प्रवाशांची आणि पैशांची माहिती फॉर्ममध्ये आपोआप भरत असे. बँकेचा ओटीपी मोबाइलवरच्या एका ॲपमधून उचलून योग्य रकान्यात घालत असे. एकाच वेळी अनेक खात्यांतून आयआरसीटीसीत शिरत असे. विक्रीची साखळी पाच पायऱ्यांची होती आणि वरच्या माणसाला पैसे बिटकॉइनमध्ये मिळत. तोवर पन्नास जणांना अटक झाली होती. म्हणजे रात्री रांगेत बसवलेल्या मजुरांची जागा पाच पायऱ्यांच्या वितरणव्यवस्थेने घेतली होती. फरक इतकाच, की आता ती रांगेतल्या लोकांना दिसत नव्हती.

कायद्याने हा बदल पचवायला वेळ घेतला. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४३ असे सांगते, की रेल्वेचा सेवक किंवा अधिकृत एजंट नसताना तिकिटे मिळवून पुरवण्याचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण १९८९ साली ई-तिकीट नव्हते. मग हे कलम त्याला लागू होते का? केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात ‘नाही’ म्हटले. ९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि तिकीट खिडकीवरून घेतलेले असो वा ऑनलाइन, अनधिकृत धंदा हा गुन्हाच आहे, असे ठरवले. कागदाचे रूप बदलले तरी त्यावरचा न्याय बदलत नाही, असा या निकालाचा अर्थ मी घेतो. त्याच निकालात अधिकृत एजंटावरचा एक खटला मात्र न्यायालयाने रद्द केला, कारण अधिकृत एजंटाने केलेली आगळीक या कलमाच्या शब्दांत बसत नव्हती. कायद्याच्या फॉर्मलाही रकाने असतातच.

आधारचा रकाना

जून २०२५ मध्ये रेल्वेने जी माहिती दिली ती पाहिली म्हणजे झगड्याचा आकार कळतो. तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत संकेतस्थळात शिरण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांतले पन्नास टक्क्यांपर्यंत यंत्रांचे असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करण्यात आली. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहाच्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली, हा विक्रम. यानंतर १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली, १५ जुलैपासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागू लागला, एजंटांना पहिली तीस मिनिटे बंदी आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणातही ऑनलाइन पहिली पंधरा मिनिटे फक्त आधार-पडताळणी झालेल्या खात्यांसाठी राखली गेली.

यामागचा विचार सरळ आहे. वेबने शरीराचा पहारा काढून घेतला. आता आधारच्या रूपाने तो परत आणायचा, कारण एका माणसाला एकच आधार. स्क्रिप्टला शंभर खाती उघडता येतील, शंभर आधार मिळवणे कठीण. हा उपाय आजवरच्या सर्वांत मजबूत उपायांपैकी आहे यात शंका नाही.

पण त्याची किंमत कोण मोजतो हेही पाहिले पाहिजे. रेल्वेच्या खात्याशी आधार जोडायचे, त्या आधारशी जोडलेला मोबाइल चालू हवा, त्यावर ओटीपी वेळेत यायला हवा, ही साखळी गावातल्या म्हाताऱ्या माणसासाठी लांबच लांब आहे. गणपती आटोपून मुंबईला परतायचे तिकीट काढताना या अडचणी मी आमच्या वाडीत पाहिल्या आहेत. जिथे मोबाइलला नेट मिळवायला टेकाडावर जावे लागते, तिथे सुरुवातीचा वेळ राखीव असूनही काय उपयोग? स्क्रिप्टशी झगडताना प्रत्येक नवा रकाना माणसालाही भरावा लागतो. स्क्रिप्टला तो भरायला शिकवणारा कोणी तरी असतो, माणसाला नसतो.

वेग की वाटणी

सगळा इतिहास एकत्र पाहिल्यावर मला जे दिसते ते मांडतो.

पहिली गोष्ट, स्क्रिप्ट जागा निर्माण करत नाही आणि नष्टही करत नाही. ती फक्त कोणाला मिळणार ते ठरवते. मूळ टंचाई रुळांवर आहे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. गणपतीच्या विशेष फेऱ्या २०२३ मध्ये ३०५, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० अशा वाढत गेल्या, आणि हे श्रेय रेल्वेला दिलेच पाहिजे. पण एकेरी मार्गावर गाड्या वाढवण्यालाही मर्यादा आहे. टंचाई आहे तोवर तिच्यावर जगणारा कोणी तरी असणार.

दुसरी गोष्ट, जो आधी येईल त्याला मिळेल, हा नियम खिडकीच्या काळात न्याय्य होता, कारण आधी येण्यासाठी सर्वांना सारखेच कष्ट पडत. रात्र जागून रांगेत उभे राहणे श्रीमंताला आणि गरिबाला जवळजवळ सारखेच जड. वेब फॉर्मवर तोच नियम लावला तर आधी येणे म्हणजे मिलिसेकंदांची शर्यत होते, आणि त्या शर्यतीत माणूस यंत्रापुढे कधीच जिंकणार नाही. कॅप्चा, पंचवीस सेकंद, आधार ही सारी या शर्यतीवरची बंधने आहेत. शर्यत मात्र तशीच आहे.

मग शर्यतच काढून टाकली तर? आपल्या कोकणालाच याचा अनुभव आहे. म्हाडाचे कोकण मंडळ घरांसाठी सोडत काढते. अर्ज भरायला पुरेसे दिवस असतात. पहिल्या मिनिटाला भरला काय आणि शेवटच्या दिवशी भरला काय, संधी सारखीच. गणपतीच्या चार-पाच मुख्य दिवसांसाठी रेल्वेला हे करता येईल. तीन दिवस फॉर्म उघडा ठेवावा, एका पडताळलेल्या माणसाला एक अर्ज, खिडकीवर दिलेला कागदी फॉर्मही त्यातच धरावा आणि मग सोडत काढावी. स्क्रिप्टचा वेग तिथे निरुपयोगी ठरतो. टेकाडावर नेट शोधणाऱ्या म्हातारीला आणि ठाण्यातल्या वेगवान जोडणीवाल्याला एकच चिठ्ठी मिळते. खोटी खाती उघडण्याचा मोह राहीलच, पण त्याला रोखायला आधार आहे. आधारचा खरा उपयोग तिथे आहे.

दुसरा मार्ग एसटीच्या गट आरक्षणाचा. वाडीची यादी, एक जबाबदार माणूस, एक अख्खी गाडी. रेल्वेने विशेष गाडीचा एखादा डबा तालुक्याच्या मंडळांना असा द्यायला काय हरकत आहे? यादीतल्या माणसांना सगळे ओळखत असतात. ओळख पटवायला ओटीपी लागत नाही.

मनीऑर्डरचा फॉर्म निरक्षर माणसांच्या हातून दीर्घकाळ बिनचूक चालला, कारण तो भरणाऱ्याला घाई नव्हती आणि त्याच्या मागे कोणी तरी लिहून देणारा, वाचून दाखवणारा उभा होता. पुढच्या गणपतीचे आरक्षण उघडेल तेव्हा कोकणातल्या माणसाला एवढेच हवे असेल : फॉर्म शांतपणे, सगळी नावे नीट लिहून भरता यावा, आणि तेवढ्या वेळात गाडी भरून जाऊ नये.